चाकाचं फडकं

"साडेतीनशे," मी म्हणालो.

चाकं साफ करायच्या रसायनाची ती बाटली सातशे एकोणपन्नासची होती.

खोटं बोलायची खरं तर काही गरज नव्हती. विचारणाऱ्यानं सहज विचारलं होतं. रविवारची सकाळ, दसरा चार दिवसांवर आलेला. मी पार्किंगमध्ये उकिडवा बसलो होतो, हातात दात घासायचा जुना ब्रश, समोर गाडीचं पुढचं डावं चाक, आणि त्या चाकातून जांभळं पाणी ओघळत होतं. आमच्या सोसायटीतल्या गाड्या पुसणारे मामा दोन गाड्या पलीकडे होते. फडकं खांद्यावर टाकून ते जवळ आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "आरं तिच्या. रगत आल्यागत दिसतंय की ओ." मग थोडं थांबून, जरा हळू आवाजात, "मी रोज पुसतोय की हे चाक." मी घाईघाईनं म्हणालो, "तुमचं काही नाही मामा, हे पुसून निघतच नाही, आत रुतलेलं असतं." ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग बाटली उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "केवढ्याला मिळती ही?" आणि माझ्या तोंडून साडेतीनशे निघून गेले.

मामांना मी गाडीमागे महिन्याला सहाशे रुपये देतो. सोसायटीत हाच दर आहे, मी काही वेगळा कंजूष नाही. पण अर्ध्या लिटरची ती बाटली चार चाकांना एका सकाळीच अर्धी संपली होती, आणि तिची किंमत मामांच्या महिनाभराच्या पहाटांपेक्षा जास्त होती. हा हिशोब माझ्या डोक्यात आकडा बोलायच्या आधी झाला की नंतर, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा जीभच आधी शहाणी झाली. मामा "बरंय" म्हणाले, बाटली होती तिथंच ठेवली आणि आपल्या बादलीकडे गेले. मी ब्रश चाकात घातला. पण त्या सकाळी पुढच्या तीन चाकांत काही मन लागलं नाही.

या चाकांच्या नादाला मी लागलो तो गणपतीत. कोकणातून परत आलो तेव्हा गाडीला अर्ध्या दारापर्यंत तांबड्या चिखलाचा गिलावा होता. चिखल पाण्यानं गेला. चाकांवरचा मात्र एक तपकिरी थर जाईना. आधी वाटलं, जांभ्याचीच माती असेल, उन्हात भाजून घट्ट बसली असेल. साबण झाला, भांडी घासायची हिरवी घासणी झाली (ती वापरू नये हे नंतर कळलं), अगदी चिंचेचं पाणीही झालं, कारण तांब्याला चालतं तर चाकाला का नाही, असा माझा तर्क. मामांनी एकदा विचारलं होतं, "बाथरूमचं ॲसिड मारू का थोडं?" मी जवळजवळ ओरडलोच. शेजारच्या इमारतीतल्या एकानं तो प्रयोग केलाय. त्याच्या चारही अलॉय चाकांवर आता दूध सांडून वाळल्यासारखे डाग आहेत, कायमचे. ॲसिडनं आधी वरचं पारदर्शक लॅकर खाल्लं, मग खालचं ॲल्युमिनियम.

मग रात्री झोपायच्या वेळी मोबाइलवर बघत बसायची सवय लागली. जगभरातली माणसं आपापल्या चाकांपुढे गुडघे टेकून बसलेली असतात. पाहणं थोडं लाजिरवाणं आहे, पण थांबवत नाही. त्यात एक युक्ती दिसली: हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि धुतलेल्या पृष्ठभागावरून बोटं फिरवायची. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. मी भाजीची पिशवी घेऊन खाली गेलो आणि स्वच्छ दिसणाऱ्या रिमवरून बोट फिरवलं. रव्यावरून फिरवल्यासारखं लागलं. बारीक, करकरीत, सगळीकडे. माती हाताखाली सरकते, ही सरकत नव्हती. ही रुजली होती.

ते लोखंड असतं. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतात, आणि दरवेळी दोघांचीही थोडी थोडी झीज होते. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, डिस्कचे आणि पॅडचे कण तापलेले, कधी ठिणगीसारखे उडतात आणि जवळ जे सापडेल त्याला जाऊन चिकटतात. जवळ काय असणार, चाकच. गरम कण लॅकरमध्ये रुततो, दव पडतं, पाऊस पडतो, कणाला गंज चढतो, गंजला की तो फुगतो आणि आणखी घट्ट बसतो. म्हणजे तो तपकिरी थर कोकणातला नव्हताच. तो माझ्याच गाडीचा होता, माझ्याच पायाखालून निघालेला. पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला, सिंहगड रोडच्या रांगेत, पुढच्या रिक्षाचा दिवा लाल झाला म्हणून, मागच्यानं हॉर्न मारला म्हणून, फोनकडे बघत होतो आणि एकदम भान आलं म्हणून. तरी गंमत म्हणजे जांभ्याच्या मातीचा तांबडेपणाही लोखंडाचाच. एक लोखंड पाण्याबरोबर वाहून गेलं, दुसरं जागचं हललं नाही.

पुढची चाकं जास्त माखलेली असतात, मागची कमी. ब्रेक लागला की गाडी नाक खाली घालते, सगळा भार पुढे येतो, आणि थांबवायचं बरंचसं काम पुढच्या चाकांना करावं लागतं. शिवाय माझ्या गाडीला मागे डिस्क नाहीत, बंद डब्यासारखे ड्रम आहेत, आणि ड्रमचा मळ ड्रमच्या पोटात राहतो. मागची चाकं स्वच्छ दिसतात ती त्यामुळे.

तर ती बाटली. चाक थंड हवं, उन्हात नको, फवारा मारायचा आणि तीन-चार मिनिटं नुसतं बघायचं, वाळू द्यायचं नाही. सुरुवातीला काहीच होत नाही, सातशे एकोणपन्नास रुपये गेले असं वाटतं. मग एका नटाच्या कडेला जांभळी रेघ उमटते, शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्खं चाक रडायला लागतं. त्या द्रवात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाला धरतं आणि तसं करताना रंग बदलतं. आणि वास! सडक्या अंड्याचा, वर कसलासा फुलाचा अत्तरी वास मारलेला. पहिल्यांदा तो वास नाकात गेला तेव्हा मी चाकापुढून उठून एकदम साताऱ्याच्या घरातल्या न्हाणीपाशी पोचलो. ताईच्या लग्नाआधी तिनं ब्युटी पार्लरमध्ये जाऊन केस कुरळे करून घेतले होते, ते आठ दिवस घरभर हाच वास होता. आई पदर नाकाला लावून म्हणायची, "हे काय डोक्याला लावून आलीस गं?" नंतर शोधलं तर खरंच, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये ह्याच कुळातलं रसायन असतं. तिथं ते केसांचे बंध सोडवतं, इथं लोखंड. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा डोक्याला चाक धुवायचं औषध लावलं होतं?" आणि बराच वेळ हसत राहिली.

अण्णांना, माझ्या वडिलांना, मात्र हे सांगायला हवं होतं. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली.

अण्णा साताऱ्यात एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. हस्तिदंती रंगाची प्रीमियर पद्मिनी. मूळची फिएट, १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ती पद्मिनी नावानं निघायला लागली, पण अण्णा शेवटपर्यंत तिला फिएटच म्हणाले. सकाळी सहाला आमच्या घरापासून सायकलवर जायचे आणि साडेसातला डॉक्टर बाहेर पडायच्या आत गाडी धुऊन, पुसून, पोर्चमध्ये तोंड बाहेर करून उभी करायचे. सुट्टीच्या दिवशी मला डबलसीट न्यायचे. माझं काम पाणी आणून द्यायचं. हौदातून बादली भरायची, दोन्ही हातांनी पायांवर आपटत आणायची. विटकरी रंगाच्या फरशीवर पडलेलं पाणी, ओल्या रबराचा वास, बंबातला धूर आणि आतून येणारी रेडिओवरची बातम्यांची सुरावट, एवढं सगळं मला अजून एकत्रच आठवतं, वेगळं काढता येत नाही.

अण्णांची फडकी तीन. काचेचं, अंगाचं आणि चाकाचं. काचेचं पिवळं फ्लॅनेलचं, ते डिकीत नव्हे तर ग्लोव्ह बॉक्समध्ये, घडी घालून. अंगाचं म्हणजे डॉक्टरांच्या जुन्या मऊ बनियनचं. आणि चाकाचं म्हणजे गोणपाटाचा तुकडा, तो मागच्या बंपरखाली तारेला अडकवलेला, कारण त्यानं डिकीतसुद्धा यायचं नाही. फडक्यांच्या बाबतीत अण्णांचा जसा काही सोवळ्या-ओवळ्याचा कारभार होता. एकदा मी घाईत चाकाचं फडकं बॉनेटवरून फिरवलं. एकदाच, लांब, एक हात. सूर्य वर आला तसे त्या पट्ट्यात केसासारखे ओरखडे चमकायला लागले. अण्णांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. मला बॉनेटशेजारी उभं करून म्हणाले, "हे आता रोज दिसणार." आणि दिसायचे. सकाळी नाही, साडेआठनंतर, ऊन तिरपं आलं की. हल्ली दोन बादल्यांच्या पद्धतीबद्दल माणसं तासतासभर बोलतात, एक साबणाची, एक फडकं खळबळायची, चाकाची तिसरी वेगळी. खड्याचा एक कण फडक्यात राहिला तर तो अख्ख्या गाडीवर लिहीत जातो, हे समजावून सांगतात. मला ते ऐकताना बंपरखालचा गोणपाट दिसतो.

आधी चाकं, मग गाडी. हा दुसरा नियम. चाकाचं पाणी उडतं, धुतलेल्या दारावर बसतं, म्हणून. आणि गाडी बाहेरून आली असेल तर आधी चहा, मग चाक. तापलेल्या चाकावर गार पाणी टाकायचं नाही, बीड तडकतं. मला वाटायचं ही चहा प्यायची सबब आहे. डॉक्टर दर गुरुवारी पाचगणीला जायचे, तिथून कधी पुढे महाबळेश्वरला. पसरणीचा घाट उतरून वाईमार्गे संध्याकाळी गाडी परत आली की अण्णा चाकाजवळ हाताची मागची बाजू नेऊन, न लावता, ऊब बघायचे, आई तव्याची बघते तशी. घाटाबद्दल त्यांचं एकच सांगणं: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक हा थांबायला असतो, उतरायला नसतो. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिलाही उतारावर खालच्या गिअरमध्ये धरता येतं, मी धरत नाही. ताम्हिणी उतरताना मी ब्रेकवरच असतो, आणि ते सगळं चाकावर लिहिलेलं असतं.

अण्णांना चाकं वाचता यायची. तांबडी माती म्हणजे महाबळेश्वर. काळी, चिकट, मडगार्डच्या आत पोळीसारखी बसलेली, म्हणजे कृष्णाकाठचं कुठलं तरी शेत, कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. बारीक पांढरी धूळ म्हणजे माण-खटावकडचा रस्ता. आणि डांबराचे काळे ठिपके म्हणजे हायवेचं काम चालू आहे. डांबर काढायला रॉकेल. रेशनचं निळं रॉकेल बाटलीच्या टोपणात घ्यायचं, कापूस बुडवायचा, ठिपक्यावर दाबून धरायचा, घासायचा नाही. "त्याला सुटायला वेळ दे," म्हणायचे. मोजून दहा आकडे झाले की कापूस उचलायचा, ठिपका कापसावर आलेला असायचा. लगेच साबणाचं पाणी, कारण रॉकेल राहिलं तर रंग मारतं. पुढे चाकाच्या मध्यावरची चकचकीत वाटी. तिला राख आणि लिंबाची साल. त्या वाटीत माझा चेहरा दिसायचा, नाक मोठं आणि कान मागे गेलेले, आणि माझ्यामागे अण्णा, अगदी लहान.

आणि बाईसाहेबांचं बोट.

डॉक्टरांच्या पत्नी कधीकधी पोर्चमध्ये यायच्या. वाईट नव्हत्या, मला कायम काहीतरी खायला द्यायच्या, शंकरपाळे, चिवडा, एकदा अख्खा फणसाचा गरा. पण गाडीत बसायच्या आधी त्यांची एक सवय होती. उजव्या हाताची तर्जनी मडगार्डच्या कडेवरून सहज फिरवायच्या, बोट डोळ्यासमोर धरायच्या, अंगठ्यानं चोळायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बोटाला बहुतेक वेळा काही लागलेलंच नसायचं. तरी तेवढा वेळ अण्णा दार धरून सरळ उभे असायचे आणि समोरच्या पारिजातकाकडे बघत असायचे. मी दुसरी-तिसरीत असेन. मला ते बोट आवडायचं नाही, आणि शंकरपाळे आवडायचे, आणि हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे जुळवता यायचं नाही.

त्या रविवारी मी भाजीच्या पिशवीत हात घालून मामांसमोर तेच केलं. पिशवी काय आणि उघडं बोट काय. आणि वर जांभळं पाणी काढून दाखवलं.

मामा मंगळवेढ्याकडचे. ज्वारीची जमीन आहे, पाणी नाही. आता थोरला भाऊ बघतो. पहाटे पाचला येतात, बावीस गाड्या करतात, साडेआठला दुसऱ्या कामावर जातात. त्यांच्या पुसण्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती काही खोटी नाही. एका बादलीत पाच-सहा गाड्या होतात. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी चहासारखं झालेलं असतं, आणि माझा नंबर पाचवा. माझ्या गाडीच्या काळ्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते सगळे त्या बादलीतून आलेत. अण्णा असते तर ती गाडी बघून त्यांनी काय केलं असतं, हे मला माहीत आहे: काही बोलले नसते. पण बावीस गाड्यांना बावीस बादल्या आणायच्या कुठून? उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, नोटीस लागते, पार्किंगमधला नळ कुलपात जातो. चार धरणं उशाला असलेल्या शहराची ही गोष्ट. मग मामा अर्ध्या बादलीत भागवतात. मी एकदा त्यांना दोन भारी मायक्रोफायबरची फडकी आणून दिली होती, एक अंगाचं, एक चाकाचं, असं समजावूनही सांगितलं होतं, अण्णांच्या थाटात. त्यातलं एक थंडीत त्यांच्या कानाला गुंडाळलेलं दिसलं. दुसऱ्यात डब्याची भाकरी असते. मऊ असतं, म्हणतात, आणि भाकरीला घाम सुटत नाही.

तक्रार केली नाही. पण मनात ती होती, आणि मला वाटतं त्या रविवारी मामांनी "मी रोज पुसतोय की" म्हटलं तेव्हा त्यांना ती ऐकू आली होती.

ड्रमच्या पोटात मळ राहतो असं वर म्हटलं, ते अण्णांबरोबर गॅरेजमध्ये पाहिलंय. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच. वर्षा-सहा महिन्यांनी ब्रेकचे लायनर बघायला मिस्त्री ड्रम काढायचा, उलटा करून जमिनीवर आपटायचा, आणि त्यातून काळी भुकटी पडायची, ओंजळभर. राहिलेली तो तोंडानं फुंकायचा किंवा हवेच्या नळीनं उडवायचा. उन्हाच्या तिरिपेत ती धूळ तरंगत राहायची, आम्ही सगळे तिथंच चहा पीत उभे. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. बाहेरून पद्मिनीची चाकं इतकी स्वच्छ की वाटीत चेहरा दिसावा, आणि आत हे. आता डिस्क उघडी असते, सगळं बाहेर येतं, चाकावर दिसतं. पण चाकावर बसतो तो थोडाच भाग; उरलेला रस्त्यावर, हवेत, पहाटे पाचपासून चाकांच्या उंचीवर वाकून काम करणाऱ्याच्या नाकातोंडात. गाडीचा धूर मोजायची सवय जगाला कधीची आहे. ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घालायचं युरोपनं अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, युरो ७ च्या नियमांत ठरवलं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही. माझी गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरते. म्हणजे तिकडचा नियम पाळला तरी सत्तर ग्रॅम. वाण्याकडच्या छोट्या चहापुडीएवढं लोखंड आणि काय काय, मी दरवर्षी या शहरात वाटत फिरतो, आणि त्यातलं चिमूटभर चाकावर राहिलं म्हणून अस्वस्थ होतो.

खंडेनवमीला गाडीची पूजा केली. चाकं खरोखर नवी दिसत होती. झेंडूची माळ, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक (बायको म्हणाली, "पुसायला किती जड जाईल तुला," आणि मी तिच्याकडे बघितलं नाही), चारही चाकांखाली लिंबं. अण्णा डॉक्टरांच्या गाडीची पूजा करायचे तेव्हा नारळ पुढच्या उजव्या चाकाजवळ फोडायचे आणि त्याचं पाणी आधी चाकावर शिंपडायचे, मग बॉनेटवर. गाडी दुसऱ्याची, पण आयुध त्यांचं. त्या दिवशी मला वाटायचं गाडी आमचीच आहे. अकरा रुपये आणि पेढ्यांचा पुडा घेऊन सायकलवर परत येताना ते वाटणं पोवई नाक्यापर्यंत टिकायचं. मामांना मी दसऱ्याचे पाचशे दिले. इतर वर्षी दोनशे देतो. त्यांनी नोट बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि नोट खिशात ठेवली.

प्रकरण तिथं मिटलं असं मी धरून चाललो होतो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मामा कधी वर येत नाहीत. दारात चप्पल काढून उभे, हातात साडेतीनशे रुपये. "साहेब, ती जांभळ्या पाण्याची बाटली मला बी एक मागवून द्या की. डी विंगच्या दोघांनी इचारलंय. तुमची चाकं बघितली त्यांनी. गाडीला शंभर देतो म्हणालेत." मग जरा हसून, "पोरानं मोबाइलवर दावलं कसं मारायचं ते. वाळू द्यायचं न्हाय म्हणं."

पोरानं मोबाइलवर दाखवलं. म्हणजे पोरानं बाटलीही बघितली असणार, बाटलीखालची किंमतही. की नसेल? व्हिडिओत किंमत कुठं असते. मी दारात उभा राहून हा विचार करत होतो आणि मामा पैसे पुढे करून उभे होते. खरं सांगायची ती वेळ होती. "मामा, मी चुकून साडेतीनशे म्हणालो." एवढंच. पण चुकून म्हणणं हे दुसरं खोटं झालं असतं, आणि खरं सांगायचं तर चुकून का, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "पैसे राहू द्या, मागवतो." तर ते ऐकेनात. "न्हाय, न्हाय. धंद्याची वस्तू हाय." शेवटी बाटली आली की पैसे घ्यायचे, असं ठरलं.

बाटली तीन दिवसांनी आली. खोक्यावर किंमत छापलेली होती, म्हणून खोकं फाडून ओल्या कचऱ्यात घातलं, सुका-ओला न बघता. बाटलीच्या पाठीवर एक छोटं पांढरं स्टिकर: एमआरपी आठशे नव्याण्णव, सर्व करांसह. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून ते नखानं काढायला गेलो. वरचा कागद सालपटासारखा सुटला, खालचा राहिला. गरम पाणी लावलं, कागद लगदा होऊन निघाला, डिंक राहिला. खोबरेल तेल चोळलं. डिंक थोडा निघाला, थोडा पसरला, आणि त्यावर माझ्याच बोटांचा मळ बसून एक करडा चौकोन तयार झाला, स्टिकर होतं त्यापेक्षा ठळक. घरात चाकं धुवायची तीन ब्रश, चार प्रकारची फडकी, लॅकरला धक्का न लावता लोखंड उपसून काढणारं रसायन, आणि मी हातात एक चिकट बाटली घेऊन उभा. बायको पाणी प्यायला आली. "काय करतोयस?" काही नाही म्हणालो.

सकाळी खाली नेऊन दिली. मामांनी ओला हात पँटला पुसला, बाटली घेतली, आणि त्यांचा अंगठा नेमका त्या चौकोनावर चिकटला. त्यांनी अंगठा उचलला. बघितला. तर्जनीवर चोळला. मी समोरच्या मीटर बॉक्सकडे बघत होतो.

"डिंक ऱ्हायलाय," मामा म्हणाले. "रॉकेल लावलं की निघंल. पर आता रॉकेल तरी कुठं मिळतंय."

बाटली त्यांनी बादलीत ठेवली, खिशातून घडी घातलेले साडेतीनशे काढून माझ्या हातात दिले आणि डी विंगकडे निघून गेले. नोटा ओल्या होत्या. मी त्या डॅशबोर्डवर वाळत टाकल्या आणि गाडी बाहेर काढली.